दुसरा राउटर जोडताय? या चुका टाळा

हॉलमध्ये टीव्हीशेजारी फायबरचा बॉक्स, म्हणजे घरातला मुख्य राउटर, असतो. तिथे नेट सुसाट पळतं आणि मागच्या बेडरूममध्ये दार लावलं की व्हिडिओ कॉल अडकायला लागतो. कपाटात मात्र जुन्या कनेक्शनचा चांगला चालणारा राउटर पडून असतो. तो काढून मागच्या खोलीत लावावा हा विचार अगदी बरोबर आहे. महागडा मेश सेट (एकत्र मिळून घरभर वायफाय देणारे राउटर) घेण्याआधी हे करून बघावंच. घोळ होतो तो जोडणीत. केबल खुपसली, दिवे लागले, नेट आलं, की काम झालं असं वाटतं. मग दोन दिवसांनी एकाच्या मोबाईलवर नेट चालतं, दुसऱ्याच्या नाही. प्रिंटर गायब होतो. लाइट जाऊन आली की सगळंच ठप्प. नेट कंपनीच्या नावाने खडे फोडले जातात, पण दोष बहुतेक वेळा घरातच असतो: दोन्ही राउटर स्वतःला मुख्य समजत असतात, आणि एका घरात दोन कारभारी झाले की जे होतं तेच इथेही होतं.

दोन्ही राउटर पत्ते वाटतात

वायफायला जोडलेल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, लॅपटॉपला आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कमधला आकड्यांचा पत्ता, लागतो. तो वाटण्याचं काम राउटरमधली डीएचसीपी नावाची सोय करते. पत्त्यासोबत ती आणखी एक गोष्ट सांगते: बाहेर कुणामार्फत जायचं, म्हणजे गेटवे. आता समजा, मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधली (लॅन म्हणजे घरातली उपकरणं जोडायचे पोर्ट) केबल तुम्ही जुन्या राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावली आणि जुन्याची डीएचसीपी तशीच चालू राहिली. फोन वायफायला जोडला की पत्ता मागतो आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याच्याकडून घेतो. मुख्य राउटरने दिला तर नेट चालतं. जुन्याने दिला तर तो गेटवे म्हणून स्वतःचाच पत्ता सांगतो, आणि त्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं नेट आत घेणाऱ्या पोर्टमध्ये, तर काहीच लावलेलं नाही. वायफाय जोडलेलं दिसतं, इंटरनेट मात्र नाही. आईचा फोन चालतो आणि बाबांचा चालत नाही तो यामुळे. वायफाय बंद करून पुन्हा चालू केल्यावर कधीकधी नेट आपोआप येतं तेही यामुळेच. त्या खेपेला उत्तर मुख्य राउटरचं आधी आलेलं असतं.

त्यात भर म्हणजे दोन्ही राउटरचा स्वतःचा पत्ताही एकच असू शकतो. बाजारातल्या कितीतरी राउटरचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दोघेही एकाच पत्त्यावर बसले की ब्राउझरमध्ये तो टाकल्यावर कधी एकाचं पान उघडतं, कधी दुसऱ्याचं, आणि आपण सेटिंग नेमकं कुणाचं बदलतोय हेच कळेनासं होतं.

तपासायला काही विशेष लागत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या वायफायचे तपशील उघडा. तिथे आयपी ॲड्रेस आणि गेटवे दिसतो. आयफोनमध्ये गेटवेच्या जागी 'राउटर' लिहिलेलं असतं. नेट चालणारा फोन आणि न चालणारा फोन शेजारी ठेवून हे आकडे ताडून बघा. गेटवे वेगवेगळे निघाले की चोर सापडला. लॅपटॉपवर पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी: त्याला कोणीच पत्ता दिलेला नाही. तिथे केबल बघायची, किंवा मुख्य राउटर.

उपाय सोपा, पण क्रम चुकतो

जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' (कारभार मुख्य राउटरकडे ठेवून फक्त वायफाय देणं) असेल तर तोच निवडा. डीएचसीपी बंद करणं वगैरे सगळं तो स्वतः करतो आणि बहुतेक राउटरमध्ये या मोडमध्ये केबल वॅन पोर्टमध्ये लावली तरी चालते.

मोड नसेल तर हाताने करायचं. त्यासाठी आधी जुना राउटर मुख्य राउटरपासून पूर्ण वेगळा ठेवा. त्याचं रिसेट बटण टाचणीने दहाएक सेकंद दाबून तो कोरा करा आणि लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टला केबलने जोडा. इथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे: रिसेट जुन्या राउटरचंच करायचं. कंपनीच्या फायबर बॉक्सचं बटण दाबलं तर त्यात भरलेलं युजरनेम, पासवर्ड आणि इतर सेटिंग पुसली जाऊ शकतात, आणि मग नेटवाल्याचा माणूस येईपर्यंत घर नेटविना राहतं.

आता वायफायचं नाव आणि पासवर्ड आधी भरून घ्या. त्यानंतर लॅनचा पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२ द्या, मुख्य १९२.१६८.२९.१ असेल तर १९२.१६८.२९.२. म्हणजे पहिले तीन आकडे मुख्य राउटरचेच ठेवायचे, फक्त शेवटचा बदलायचा. हा पत्ता मुख्य राउटर जे पत्ते वाटतो त्या टप्प्यात येऊ नये. वाटप २ पासूनच सुरू होत असेल तर मुख्य राउटरमध्ये ते १०० पासून २०० पर्यंत करून घ्या, नाहीतर काही दिवसांनी तोच पत्ता एखाद्या फोनच्या वाट्याला जाईल आणि दोघेही अडखळतील.

डीएचसीपी बंद करायची ती सगळ्यात शेवटी. बरेच जण ती आधी बंद करतात. मग राउटर रीस्टार्ट झाला की लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही, सेटिंगचं पान उघडत नाही आणि राउटर बिघडला असा समज होतो. तो बिघडलेला नसतो. लॅपटॉपला हाताने १९२.१६८.१.५० असा त्याच मालिकेतला पत्ता द्या, पान लगेच उघडेल.

हे झालं की मुख्य राउटरच्या लॅनमधून केबल जुन्याच्या लॅनमध्ये. जुन्याचा वॅन पोर्ट मोकळाच राहतो. तो मोकळा बघून कुणाला तरी राहवत नाही आणि केबल तिथे सरकते. घरात सगळ्यांना हे सांगून ठेवा.

वॅन पोर्टमध्ये लावलं तरी नेट येतं, मग बिघडलं कुठे?

मुख्य राउटरच्या लॅनमधून केबल जुन्याच्या वॅनमध्ये लावली की काहीही न बदलता नेट सुरू होतं, म्हणून ही जोडणी घरोघरी दिसते. व्हॉट्सॲप चालतं, सिनेमा चालतो. पण आता घरात दोन वेगळी नेटवर्कं झालेली असतात. प्रिंटर जुन्या राउटरवर असेल तर हॉलमधल्या लॅपटॉपला तो दिसत नाही. मागच्या खोलीतल्या फोनवरून हॉलच्या टीव्हीवर काही पाठवायला जावं तर यादीत टीव्हीच नसतो, कारण ही उपकरणं एकमेकांना हाका मारतात त्या दुसऱ्या राउटरपलीकडे पोहोचत नाहीत. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बाहेरून बघण्यासाठी पोर्ट (इथे केबलचा नव्हे, सेटिंगमधली बाहेरून आत येण्याची वाट) उघडायचा तर तो दोन ठिकाणी उघडावा लागतो.

आणि दोन्ही राउटरची मालिका एकच, म्हणजे १९२.१६८.१, असेल तर ही जोडणी नीट चालतच नाही. काही राउटर हा गोंधळ ओळखून स्वतःचा पत्ता बदलतात, काही नुसतेच गप्प बसतात.

पोर्ट उघडण्याच्या खटपटीत वेळ घालवण्याआधी मुख्य राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता बघून घ्या. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवलेलं आहे. मग घरात कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. कंपनीकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागावा लागतो, किंवा कॅमेरा कंपनीचं ॲप वापरावं लागतं.

याच जोडणीबद्दलचा एक गैरसमज जास्त धोक्याचा आहे. घरात पेइंग गेस्ट किंवा भाडेकरू असले की त्यांना दुसऱ्या राउटरवर टाकलं म्हणजे आपलं नेटवर्क सुरक्षित, असं समजलं जातं. प्रत्यक्षात उलट आहे. वॅनने जोडलेल्या राउटरमागचं उपकरण मुख्य राउटरवरच्या उपकरणांपर्यंत पोहोचू शकतं. अडवलं जातं ते मुख्यकडून मागे येणारं. भाडेकरूंना मागे बसवलं तर झाकले जातात ते भाडेकरू, तुम्ही उघडेच राहता. पाहुण्यांसाठी आणि भाडेकरूंसाठी मुख्य राउटरमधलं गेस्ट नेटवर्क चालू करा.

केबलने घेतलेला बळी

प्लॅन ३०० एमबीपीएसचा, हॉलमध्ये तेवढा मिळतो, आणि मागच्या राउटरवर कितीही वेळा मोजलं तरी आकडा ९० ते ९५ च्या पुढे जात नाही. हा आकडा दिसला की वायफायच्या मागे लागू नका. कुठेतरी जोडणी १०० एमबीपीएसवर अडकली आहे. एक शक्यता अशी की जुन्या राउटरचे पोर्टच १०० चे आहेत. स्वस्तातल्या बऱ्याच राउटरचे तसेच असतात, वरून वायफायचा आकडा कितीही मोठा छापलेला असो. दुसरी शक्यता केबलच्या टोकाशी असते. गिगाबिट (१००० एमबीपीएस) वेगासाठी आठही तारा लागतात. १०० साठी चार पुरतात. कनेक्टरमध्ये एखादी तार नीट बसली नाही किंवा चारच तारा क्रिंप केल्या, म्हणजे दाबून बसवल्या, तर नेट चालतं पण १०० वर. पारदर्शक कनेक्टर डोळ्यांजवळ धरून बघा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा आणि प्रत्येक तार पुढच्या टोकापर्यंत पोहोचलेली हवी.

केबल घेताना कॅट ५ ई किंवा कॅट ६, शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण लांब अंतरावर आणि वळणांवर त्रास देते. १०० मीटरपर्यंत चांगली केबल निर्धास्त चालते, म्हणजे घरात अंतराचा प्रश्नच येत नाही. ती विजेच्या वायरसोबत एकाच पाइपमधून मात्र ओढू नका.

दोन राउटरमध्ये दोन केबल लावल्याने वेग दुप्पट होत नाही. उलट घरातला निरोप त्या दोन केबलमधून गोल गोल फिरत राहतो आणि काही क्षणांत सगळं नेटवर्क गारठतं. सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकत असतील तर आधी हेच बघा.

घरापासून बाजूच्या खोलीपर्यंत किंवा गोठ्यापर्यंत उघड्यावरून केबल नेणार असाल तर विजांचा विचार करा. मे-जूनच्या गडगडाटात तांब्याची तार दोन्ही टोकांचे राउटर जाळू शकते. तिथे फायबरची बारीक केबल आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि साधी केबल यांना जोडणारा डबा) लावणं हाच खरा उपाय.

केबल नको म्हणून रिपीटर

भिंत फोडायची नसते, केबल दिसायला नको असते, म्हणून जुना राउटर रिपीटर करून वायफायनेच मुख्यला जोडला जातो. चालतं, पण एकाच बँडवर (वायफायच्या लहरींचा पट्टा, २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ) घेणं आणि देणं दोन्ही होत असेल तर वेग साधारण निम्मा होतो. त्याहून मोठी चूक जागेची. रेंज जिथे मेली आहे तिथेच रिपीटर ठेवतात. त्याला स्वतःलाच जे मिळत नाही ते तो पुढे काय देणार? त्याची जागा मध्यावर असते, जिथे फोनवर वेग अजून बरा दिसतो तिथे.

कोकणात आणि गोव्यात चिऱ्याच्या जाड भिंतींच्या घरात हा प्रकार आणखी जड जातो. राउटर पडवीत, मुलांचा अभ्यास माजघराच्या पलीकडे, आणि मध्ये दोन भिंती. ५ गिगाहर्ट्झचा बँड तिथे पहिल्याच भिंतीत दम टाकतो. अशा घरात रिपीटरवर पैसे घालण्यापेक्षा दाराच्या चौकटीकडेने एक केबल नेणं केव्हाही चांगलं.

नाव, पासवर्ड आणि चॅनेल

दोन्ही राउटरना वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार, सगळं एकसारखं ठेवा. एकावर डब्ल्यूपीए २ आणि दुसऱ्यावर जुनाच काहीतरी प्रकार असेल तर फोन खोली बदलताना अडकतो.

चॅनेल, म्हणजे बँडमधली आपापली वाट, मात्र वेगळे हवेत. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरा: १, ६ आणि ११. एकाला १ दिला तर दुसऱ्याला ११ द्या, आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. सोसायटीत शेजाऱ्यांचे पंधरा राउटर दिसत असताना ४० ठेवून काहीच मिळत नाही. ५ गिगाहर्ट्झवर एक ३६ आणि दुसरा १४९ ठेवला की भांडण मिटलं.

एवढं करूनही फोन मागच्या खोलीत गेल्यावर हॉलच्याच राउटरला चिकटून राहतो, अशी तक्रार येते. कुठल्या राउटरवर जायचं हे फोन ठरवतो, राउटर नाही. हॉलच्या राउटरची ट्रान्समिट पॉवर एक पायरी कमी करून बघा. रेंज कमी केल्याने नेट सुधारेल हे पटत नाही, पण फोन वेळेवर सोडून देतो आणि फरक लगेच जाणवतो.

लाइट, ॲडाप्टर आणि विसरलेला पासवर्ड

मुख्य राउटर इन्व्हर्टरवर आणि दुसरा साध्या बोर्डावर असेल तर लाइट गेली की मागची खोली पुन्हा नेटविना. दोन्ही ॲडाप्टर सारखेच दिसतात म्हणून अदलाबदल करू नका. काही राउटर ९ व्होल्टचे असतात, काही १२ चे. पिन बसली म्हणून व्होल्टेज जुळलं असं होत नाही. जुन्या राउटरचा 'ॲडमिन' हाच पासवर्ड तसाच राहिला असेल तर बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा, आणि राउटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर नवं फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) असेल तर टाकून घ्या.

पुढे कधी इंटरनेट कंपनी बदलली किंवा बॉक्स बदलला, तर मुख्य राउटरची मालिका बदलू शकते, १९२.१६८.१ ऐवजी १९२.१६८.२९ वगैरे. लॅन ते लॅन जोडलेला दुसरा राउटर तेव्हाही नेट देत राहील. त्याचं सेटिंगचं पान मात्र जुन्या पत्त्यावर अडकलेलं असेल. लॅपटॉपला जुन्या मालिकेतला पत्ता हाताने देऊन ते उघडा आणि राउटरला नव्या मालिकेतला पत्ता द्या. हा पत्ता, ॲडमिनचा पासवर्ड आणि 'डीएचसीपी बंद' एवढं एका चिठ्ठीवर लिहून राउटरच्या पाठीला चिकटवून ठेवलं, की तुम्ही घरी नसताना दुरुस्तीला येणारा माणूसही तो चुकून रिसेट करणार नाही.