नेटबॉलच्या क्लबात आलेली मुलगी टिकावी कशी?

नेटबॉलचा क्लब सुरू करणं आपल्या मराठवाड्यात तेवढं अवघड नाही. शाळेच्या मैदानावर फक्की मारायची, वेल्डिंगवाल्याकडून रिंगसकट दोन खांब करून घ्यायचे, चार चेंडू आणायचे. जूनमध्ये शाळा उघडल्या की मुली येतातच. दिवाळीनंतर त्यातल्या किती उरतात, तिथं क्लबची खरी परीक्षा असते.

कबड्डी, खो-खो मुलींनी लहानपणापासून पाहिलेले असतात. नेटबॉल, म्हणजे सात-सात जणींनी चेंडू पास करत उंच रिंगमध्ये टाकायचा खेळ, तसा नाही. भारतीय नेटबॉल महासंघ 1978 सालचा, शालेय स्पर्धांतही हा खेळ आहे, तरी परभणी-हिंगोलीकडच्या घरात "हे बास्केटबॉलच ना?" असाच प्रश्न येतो. आलेल्या मुलीला खेळायला मिळणं आणि तिच्या घरच्यांच्या जिवाला घोर नसणं, एवढं जमलं तर मुली टिकतात. बाकीची कामं याच दोन गोष्टींसाठी करायची.

1. ती येण्याआधी कागद तयार ठेवा

एकच पान, मोठ्या अक्षरात. सरावाचे वार, सुरू होण्याची आणि सुटण्याची वेळ, फी, काय घालून यायचं, कुणाला फोन करायचा. ट्रॅक पँट आणि टी-शर्ट चालतो, हे ठळक लिहा. परदेशातल्या सामन्यांचे व्हिडिओ पाहून स्कर्ट घालावाच लागतो असा समज होतो आणि काही घरांत विषय तिथंच संपतो.

दागिन्यांचंही आधीच सांगा. नियमानुसार अंगावर दागिना चालत नाही आणि नखं कापलेली लागतात. लग्नाची अंगठी टेप लावून चालते. लग्न झालेली खेळाडू असेल तर मंगळसूत्राचा विषय एखाद्या ताईनं तिच्याशी एकटीला गाठून बोलावा. मैदानावर सगळ्यांसमोर "काढा ते" म्हटलं, तर ती दुसऱ्या दिवशी येणार नाही.

2. पहिल्या दिवशी व्याख्यान नको

हातात चेंडू द्या. कोर्ट 30.5 मीटर लांब आणि 15.25 मीटर रुंद, रिंग 3.05 मीटर उंचीवर, मागे फळी नाही, ही माहिती पुढं मिळेलच. पहिल्या दिवशी तीन गोष्टी पुरतात: चेंडू आपटत पळायचं नाही, हातात तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, आणि ज्या मुलीकडं चेंडू आहे तिच्यापासून 0.9 मीटर लांब राहून अडवायचं. सुरुवातीच्या आठवड्यात तीनऐवजी पाच सेकंद दिले तरी आभाळ कोसळत नाही.

लहान मुलींसाठी रिंग खाली आणा. ऑस्ट्रेलियात अगदी लहानांना 2.4 मीटरची रिंग आणि 4 नंबरचा चेंडू देतात. आपल्या खांबाला खाली एक जादा भोक पाडून बोल्ट लावला की काम भागतं. पहिल्या दिवशी प्रत्येकीचा निदान एक गोल झाला पाहिजे. ती घरी जाऊन तेवढंच सांगणार असते.

3. बिबचा हिशोब वहीत ठेवा

बिब म्हणजे कुठल्या जागेवर खेळायचं त्याची अक्षरं लिहिलेलं, छातीवर लावायचं कापड. माझ्या मते मुली गळतात त्या सगळ्यात जास्त इथं. कबड्डीत कुणीही चढाईला जाऊ शकतं. नेटबॉलमध्ये सात जणींपैकी गोल फक्त दोघी मारू शकतात, गोल शूटर आणि गोल अटॅक. गोल कीपरला कोर्टाच्या तीन भागांपैकी एकातच राहावं लागतं. सेंटर सगळीकडं पळते, पण दोन्ही गोल सर्कलमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या अर्धवर्तुळात, तिला पाय टाकता येत नाही. छातीवर 'जीके'चं, म्हणजे गोल कीपरचं, बिब लागलं की त्या मुलीचं मैदान ठरलं. उंच आहे म्हणून एखादीला वर्षभर जीके केलं आणि समोरचा संघ कच्चा असला, तर ती बिचारी अर्धा वेळ उभीच. आणि चुणचुणीत म्हणून निवडलेल्या दोघी-तिघी रोज शूटर. बाकीच्यांना दोन महिन्यांत कळतं की आपण गर्दी करायला आहोत.

उपाय साधा आहे. एक वही करा. आडव्या ओळीत मुलींची नावं, उभ्या रकान्यात जीएस (गोल शूटर), जीए (गोल अटॅक), डब्ल्यूए (विंग अटॅक), सी (सेंटर), डब्ल्यूडी (विंग डिफेन्स), जीडी (गोल डिफेन्स), जीके (गोल कीपर). सरावात खेळलेल्या जागेवर खूण करायची. महिनाअखेर कुणाचा कुठला रकाना कोरा आहे ते दिसतं. सामना चार क्वार्टरचा असतो, नियमानं प्रत्येकी 15 मिनिटांचा. सरावात आठ-आठ मिनिटांचे करा आणि प्रत्येक क्वार्टरला बिब बदला.

समजा 18 मुली आल्या. 14 कोर्टावर, चौघी बाहेर. चार क्वार्टरमध्ये बाहेर बसायच्या 16 जागा होतात, म्हणजे जवळजवळ प्रत्येकीच्या वाट्याला एकच. त्या चौघींनाही कट्ट्यावर बसवून ठेवू नका. दोघी अंपायर, एक गुण लिहिणारी, एक घड्याळ पाहणारी. खऱ्या सामन्यालाही दोन अंपायर लागतात आणि शिट्टी हातात आली की नियम डोक्यात बसतात. लाजरीबुजरी मुलगी 'ऑफसाइड!' (आपला भाग सोडून गेलीस) म्हणून ठणकावते तेव्हा तिच्या मैत्रिणी बघतच राहतात.

जिल्हा स्पर्धेला मात्र चांगला संघच उतरवा. फक्त निवड कशावर होणार ते महिनाभर आधी सांगा: हजेरी, पासची अचूकता, पायांचा नियम (चेंडू हातात असताना पाऊल कसं टाकायचं तो). निवड न झालेलीला त्याच दिवशी बाजूला घेऊन कारण सांगायचं. यादी ग्रुपवर टाकून गप्प बसणं म्हणजे पळपुटेपणा.

4. ऊन आणि पाणी

मार्चअखेरपासून पारा चाळिशीकडं सरकतो. एप्रिल-मे महिन्यांत सराव सकाळी सहाला, साडेसातच्या आत बंद. पाण्याचा जार क्लबचा असावा. दर दहा-बारा मिनिटांनी थांबायचं, मग कुणाला तहान असो वा नसो. चक्कर, मळमळ, डोकं दुखणं यातलं काहीही झालं की सावली, ओलं फडकं आणि लगेच घरी फोन. बरळायला लागली किंवा शुद्ध हरपली तर थेट दवाखाना.

5. घरच्यांचा विश्वास

सुटण्याची वेळ साडेसहा लिहिली असेल तर साडेसहालाच सोडा. बाहेरगावाहून एसटीनं येणाऱ्या मुलीची शेवटची गाडी चुकली, तर तिचा नेटबॉल त्या दिवशी सुटला असं समजा. कोण कुठल्या गाडीनं जाते हे वहीत पाहिजे. शेवटची मुलगी जाईपर्यंत एक मोठी बाई मैदानावर हवीच. प्रशिक्षक पुरुष असेल तर एखाद्या खेळाडूच्या आईला विनंती करा. "काकू, तुम्ही नुसत्या बसून राहिलात तरी चालेल," म्हटलं की बहुतेक जणी येतात आणि महिनाभरानं त्याच गुण लिहायला लागतात.

शाळा सुटल्यावर स्वच्छतागृहाला कुलूप असतं. मुख्याध्यापकांना भेटून चावी कुणाकडं राहील हे ठरवून घ्या आणि शिपाईकाकांना दिवाळीत विसरू नका. पॅडचं पाकीट क्लबच्या पिशवीत ठेवा. पाळीच्या दिवसांत खेळायचं की नुसतं शिट्टी वाजवायची, ते तिनं ठरवावं, कारण विचारू नये.

पुरुष प्रशिक्षकानं मुलींना खासगीत मेसेज करायचा नाही. जे काही असेल ते आई-वडील असलेल्या ग्रुपवर. अठराच्या आतल्या सगळ्यांना 2012 चा पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण करणारा, कायदा लागू आहे. 1098 हा बालकांच्या मदतीचा क्रमांक त्या पहिल्या कागदावरच छापा. यावर कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या.

6. नोकरीचं गाजर दाखवू नका

"खेळा, पाच टक्क्यांत नोकरी लागेल." हे वाक्य आपल्याकडं फार स्वस्त झालंय. राज्यात खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, हे खरं. पण कुठला खेळ, कुठली स्पर्धा, कितवा क्रमांक, याचे नियम शासन निर्णयात असतात आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. पालकांना जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचा रस्ता दाखवा, स्वतः शब्द देऊ नका. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना मात्र एवढं सांगता येईल की 800 मीटर धावण्यासाठी लागणारा दम सेंटर खेळून चांगला तयार होतो.

7. पैशाचा कागद भिंतीवर

फी किती जमली, चेंडू कितीला, जार कितीला. दर महिन्याला एक पान. ज्यांना फी जमत नाही त्यांची नावं त्यावर नकोत.

8. न आलेलीला फोन करा

दोन आठवडे दिसली नाही की फोन, तोही मैत्रिणीनं. कारणं बहुतेक वेळा साधी असतात: बूट फाटले, ट्यूशनची वेळ बदलली, आजी आजारी. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला घर निघालं की लेकरंही जातात. अशा मुलीचं नाव वहीतून काटू नका, पट्टा पडून (हंगाम संपून) घर परत आलं की तिचं बिब तिला द्या. दहावी-बारावीच्या मुलींना जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत रजा, आठवड्यातून एकदा वाटलं तर या.

लग्न होऊन गावातच राहिलेल्या जुन्या खेळाडूंनाही विचारा. इंग्लंडमध्ये खेळ सोडलेल्या बायकांसाठी 'बॅक टू नेटबॉल' नावाचा उपक्रम आहे, शिवाय चालत खेळायचा नेटबॉलही आहे. आपल्याकडं रविवारी सकाळी तासभर एवढं पुरे. लहान मूल सोबत येणार, तेव्हा सतरंजी टाका आणि बाहेर बसलेल्या चौघींतली एक तिथं बसवा.