ठासणीची बंदूक: ओळख, तपासणी आणि जपणूक

मराठवाड्यातल्या गढ्यांत, माळवदाच्या वाड्यांत, तुळयांच्या वर किंवा बळदाच्या कोपऱ्यात अजूनही एखादी ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची, बंदूक निघते. इतिहास, पुरातत्त्व किंवा वस्तुसंग्रहालयाच्या कामाकडे वळणाऱ्यांना ती कधी ना कधी हाताळावी लागते. नव्या माणसाच्या हातून बहुतेक नुकसान पहिल्या तासात होतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

बंदूक भरलेली आहे असंच धरून चालायचं. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटते, आणि बार भरून ठेवलेली बंदूक तशीच वारसांच्या हाती येणं अजिबात दुर्मीळ नाही. नळीच्या तोंडासमोर कुणी उभं राहायचं नाही, घोड्याला हात लावायचा नाही. नळीपेक्षा लांब, सरळ, लाकडी काठी घ्यावी. लोखंडी गज नको. ती हलक्या हाताने टेकेपर्यंत आत सोडावी आणि तोंडापाशी पेन्सिलीने खूण करावी. मग काठी बाहेर काढून नळीला बाहेरून लावून धरावी, खूण तोंडाशी जुळवून. काठीचं टोक कानापर्यंत, म्हणजे रंजकीचा (पेट द्यायच्या बारीक दारूचा) जाळ जिथून आत जातो त्या भोकापर्यंत, पोचलं तर नळी बहुधा मोकळी आहे. तीन-चार सेंटिमीटर आधीच थांबलं तर आत काहीतरी आहे. ते काहीतरी म्हणजे गंजाची पोपडी किंवा कुंभारमाशीचं मातीचं घरही असू शकतं. टोपीच्या (तांब्याची टोपी फोडून पेट घेणाऱ्या) काही बंदुकांत दारूचं घर नळीपेक्षा अरुंद असतं, तिथे रिकाम्या नळीतही काठी आधी अडते. पण हा निवाडा नवख्याने करायचा नाही. नळी तापवणं, तोंडाने फुंकणं, आत तार खुपसणं, कानात खिळा घालणं यातलं काहीही करू नये. पाणी ओतूनही निर्धास्त होता येत नाही, कारण ओली दारू वाळली की पुन्हा पेटू शकते. पोलीस ठाण्याला कळवावं. बार काढण्याचं काम जाणकार शस्त्रकारागिराचं आहे.

कायद्याची बाजूही याच टप्प्यावर पाहावी. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदूक जवळ बाळगायला परवाना लागतो, आणि कलम ५ प्रमाणे बनवायला आणि दुरुस्त करायलाही. म्हणजे गावच्या लोहाराकडून घोडा बसवून घेणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. त्या परवान्याने शिकारीची मुभा मिळत नाही. रानडुक्कर असो की नीलगाय, वन्यजीव कायदा १९७२ वेगळा लागू होतो. दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा जुन्या हत्याराला कलम ४५ ची सूट आहे, पण ते तसं आहे हे आपण घरात ठरवायचं नसतं. परवानाधारक वारला असेल तर हत्यार आधी ठाण्यात जमा करावं, वारसाचा अर्ज मग.

आता ओळख. आधी पाहायचं ते पेट देण्याचं साधन, नक्षी नंतर. तोड्याच्या बंदुकीत जळती वात धरणारा आकडा असतो, उजव्या अंगाला रंजकीची छोटी वाटी आणि तिच्यावर फिरणारं झाकण. आपल्याकडच्या तोडेदार बंदुका सहसा लांब आणि सडपातळ. नळी दस्त्याला तारेने, चामड्याच्या वादीने किंवा पट्ट्यांनी बांधलेली. कान मोकळा करायची सळई साखळीने अडकवलेली असेल तर ती सांभाळावी, बहुतेक बंदुकांची हरवलेली असते. चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात गारगोटी बसते आणि समोर पोलादी पाते असते. टोपीच्या बंदुकीत पोकळ बोंडावर तांब्याची टोपी बसवतात आणि घोडा तिच्यावर आपटतो. घोड्याच्या आघाताने पेट देण्याच्या तंत्राचं पहिलं पेटंट अलेक्झांडर फोर्सिथ याने १८०७ मध्ये घेतलं. एक सावधगिरी: चकमकीची बंदूक नंतर टोपीवर फिरवून घेण्याची पद्धत होती. चापाच्या पट्टीवर, म्हणजे घोडा बसवलेल्या बाजूच्या पत्र्यावर, बुजवलेली भोकं दिसली तर तेच झालेलं असतं, आणि अशा बंदुकीच्या दोन तारखा असतात.

नळी आतून गुळगुळीत आहे की आट्यांची (पिळाच्या खाचांची), हे नळी मोकळी असल्याची खात्री झाल्यावर बारीक टॉर्चने पाहावं. आटे गोळीला फिरकी देतात, त्यामुळे नेम लांबवर टिकतो. पण गोळी घट्ट बसवावी लागते म्हणून भरायला वेळ जातो. १८५३ च्या एनफिल्ड या ब्रिटिश रायफलीने हा पेच पोकळ बुडाच्या गोळीने सोडवला. ती सैल उतरते आणि बार उडताना फुगून आट्यांत बसते. त्या रायफलीचा बोअर (नळीचा आतला व्यास) ०.५७७ इंच, म्हणजे सुमारे १४.७ मिलिमीटर, आणि आटे तीन. कंपनी सरकारच्या जुन्या बंदुकीचा बोअर ०.७५ इंच, सुमारे १९ मिलिमीटर, नळी ३९ इंचांची आणि गुळगुळीत. व्हर्नियरने तोंडाचं माप घेतलं की निम्मी ओळख पटते. मात्र तोंड झिजलेलं असतं, म्हणून एकमेकांना काटकोनात दोन मापं घ्यावीत.

शिक्क्यांवर पटकन विश्वास ठेवू नये. मुकुट आणि ‘टॉवर’ असा ठसा आजच्या नकलांवरही सर्रास असतो. सगळे स्क्रू एकसारखे, खाचा यंत्राने कापल्यासारख्या, पट्टीखालचं लाकूड फिकट आणि ताजं असेल तर शंका घ्यावी. फारसी मजकुरात हिजरी सन असेल तर त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवावेत. ११८० चे साधारण १७६६ येतात. शक असेल तर ७८ मिळवावेत. टिंबं ठोकून लिहिलेला आकडा बहुधा सिलेखान्याचा (शस्त्रागाराचा) नोंद क्रमांक असतो. तो घासून काढला की बंदुकीचं मूळ घराणं सांगणारा धागा गेला.

साफसफाईचा मोह आवरणं हे या कामातलं सगळ्यात अवघड शिक्षण आहे. तपकिरी, घट्ट बसलेला थर हा नळीचा वयाचा रंग. तो राहू द्यायचा. बोटाला लागणारा तांबडा, भुसभुशीत गंज तेवढा हलक्या मशीन ऑइलमध्ये भिजवलेल्या सर्वांत बारीक स्टील वूलने किंवा बांबूच्या चिपेने उचलावा. सँडपेपर, तारेचा ब्रश, चिंच, लिंबू वर्ज्य. खोबरेल तेल तर नकोच, ते खवटून चिकट होतं आणि धूळ धरतं. दारूची काजळी तेलाने सुटत नाही, पाण्याने सुटते, कारण तिच्यात पाण्यात विरघळणारे क्षार असतात आणि तेच हवेतली ओल ओढून लोखंड खातात. नळी दस्त्यातून सुटी झालेली असेल तरच गरम डिस्टिल्ड पाण्याने धुवावी, लगेच कोरडी करावी आणि तेलाचा पातळ हात द्यावा. हातात नायट्राइल मोजे हवेत. घामाच्या मिठाने बोटांचे ठसे लोखंडावर कायमचे उमटतात, आणि जुन्या शिशाच्या गोळ्यांवरची पांढरी भुकटी विषारी असते.

रिकामा घोडा आपटून ‘आवाज बघणं’ बंद करावं. बोंड चेपतं, जुना घोडा तडकतो. मुख्य कमान (स्प्रिंग) तर उघडूच नये.

आपली हवा लोखंडाला बरी आणि लाकडाला वाईट. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यात दस्ता आकसून चिरतो आणि पावसाळ्यात तोच फुगतो. म्हणून पत्र्याखाली, बाहेरच्या भिंतीवर किंवा चुलीच्या वर बंदूक टांगू नये. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळून, दोन ठिकाणी आधार देऊन आडवी ठेवावी. प्लॅस्टिकची पिशवी आणि चामड्याचं म्यान दोन्ही ओल धरतात. दस्त्याखाली पिवळसर पीठ पडत असेल तर कीड जिवंत आहे. खंडेनवमीला पूजा करायचीच असेल तर हळद-कुंकू शेजारच्या विड्याच्या पानावर वाहावं, नक्षीत नाही.

ज्यांना यात शिकायचं आहे त्यांनी मोडी आणि थोडी फारसी लिपी आधी धरावी. संवर्धनाच्या शास्त्रीय शिक्षणासाठी लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा हे मोठं ठिकाण आहे. पण हत्याराची समज किल्ल्यावर येते. परांडा, नळदुर्ग, औसा इथे जंग्यांची (तटातल्या मारा करायच्या भोकांची) तोंडं मोजावीत, त्यांचा उतार पाहावा आणि दीड मीटरची काठी आत धरून खाली कुठपर्यंत नजर पोचते ते कागदावर मांडावं. तोड्याची बंदूक एवढी लांब का, ती खांद्याला लावून भिंतीआड कशी उभी राहत असतील, वात पावसात कशी जपत असतील, हे प्रश्न तिथे उभं राहिल्यावरच सुचतात. परत येताना नोंदवहीत लांबी, बोअर, वजन (कापसाचा हूक काटा चालतो), दोन्ही बाजूंची मोजपट्टीसह छायाचित्रं आणि बंदूक कुठल्या घरात, कुठल्या खोलीत सापडली एवढं असावं. शेवटची नोंद बहुतेक जण विसरतात, आणि नंतर ती कुठूनच मिळत नाही.