पाळकाच्या अधीन राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं

ज्यानं रात्री वावरात जागल केली आहे त्याला बायबलमधलं इब्री १३:१७ हे वचन वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तूर भरायच्या वेळेला रोही अन् रानडुकरं येतात, माणूस मचाणावर घोंगडी घेऊन बसतो, डबा वाजवतो, हाकारे देतो, डोळा लागला की संपलं, सकाळी धुऱ्यावरून दिसते की चार ओळी साफ झाल्या आणि मग घरी जाऊन सांगावं लागते. त्या वचनात मंडळीच्या पुढाऱ्यांबद्दल, म्हणजे पाळकांबद्दल, हेच लिहिलेलं आहे की ते तुमच्या जिवांची राखण करतात आणि त्यांना त्याचा हिशेब द्यायचा आहे. राखण करणे यासाठी मूळ ग्रीकमधे जो शब्द आहे त्याचा अर्थच झोप न घेता जागं राहणं असा आहे. म्हणजे जागलच. म्हणून आज्ञेत राहा, अधीन राहा, असं म्हटलं आहे, पाळक मोठा माणूस आहे म्हणून नाही.

हे लिहायचं कारण म्हणजे आपल्या इकडच्या मंडळ्यांमधे, म्हणजे चर्चमधे, मला दोन टोकं दिसून राहिली. एक म्हणजे कोणाचंच ऐकायचं नाही, पास्टरनं, म्हणजे पाळकानं, जरा टोकलं की पुढच्या रविवारी दुसऱ्या गावच्या सभेत, तिथं टोकलं की तिसरीकडे, आणि शेवटी घरी मोबाईलवर संदेश ऐकत बसायचं, मोबाईलमधल्या प्रचारकाला थोडंच माहीत आहे की तुम्ही सालदाराचे पैसे दिले नाहीत. दुसरं टोक म्हणजे पास्टरला महाराज करून टाकायचं, पायावर डोकं ठेवायचं, सोयाबीन पेरू का कपाशी लावू हे पण त्यालाच विचारायचं. दोन्हीला अधीनता म्हणत नाहीत.

माझी गोष्ट सांगतो. मी मंडळीत गाण्याची सुरुवात करायचो, ढोलकी पण मीच. त्याच काळात मोठ्या भावाशी धुऱ्यावरून वाद झाला, दीड हाताची जागा, त्यावरून दोन वर्षं बोलणं बंद. पाळकसाहेबांना ते कळलं. एका शनिवारी संध्याकाळी ते गाडी उभी करून अंगणात आले, खाटेवर बसले, काळा चहा घेतला, पेरणीपाण्याचं विचारलं, आणि मग कप खाली ठेवून म्हणाले, "उद्यापासून तू गाणं थांबव. पयले भावाशी बोल." मी म्हटलं, "काहून? चूक त्याची आहे ना." ते म्हणाले, "चूक कोणाची हे मी विचारूनच नाही राहिलो." बस एवढंच. मत्तय ५:२३-२४ उघडून दिलं, वेदीपाशी दान ठेव अन् आधी भावाशी समेट कर, प्रार्थना केली आणि गेले.

मला इतका राग आला की पाच महिने मी त्या मंडळीत पाऊल टाकलं नाही. दुसरीकडे गेलो, तिथं पहिल्याच रविवारी ढोलकी हातात दिली, कोणी काही विचारलं नाही, मला बरं वाटलं. पण वाजवताना समोर भावाचा चेहरा यायचा. शेवटी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी भावाच्या वावरात गेलो, तो बैल सोडत होता, मी नुसतं "दादा" म्हटलं आणि तो रडायला लागला. धुरा आजही तिथंच आहे, दीड हात तिकडंच. पाळकसाहेबांकडे परत गेलो तेव्हा त्यांनी एक शब्द ऐकवला नाही. त्यांच्या घरच्या बाई म्हणाल्या की ते पाच महिने रोज तुझं नाव घेऊन प्रार्थना करत होते. जागल ती हीच.

आता करायचं कसं ते सांगतो.

सगळ्यात आधी कोणाच्या अधीन राहायचं ते पाहा, डोळे मिटून नाही. १ तीमथ्य ३ आणि तीत १ मधे पुढारी कसा असावा ते लिहिलं आहे: एका स्त्रीचा पती, दारू पिणारा नाही, मारहाण करणारा नाही, द्रव्यलोभी नाही, घर चांगलं सांभाळणारा. ते वाचून बघा. आणि एक प्रश्न नक्की विचारा की पास्टर स्वतः कोणाला उत्तर देतो? वरती कमिटी आहे का, मंडळीचे वडील, म्हणजे कारभार पाहणारे जाणते, आहेत का, अर्पणाचा हिशेब मंडळीसमोर वाचला जातो का. कफर्णहूम गावच्या शताधिपतीनं, म्हणजे शंभर शिपायांवरच्या अधिकाऱ्यानं, येशूला सांगितलं की मी पण दुसऱ्याच्या अधिकाराखाली आहे आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत, मत्तय ८ मधे आहे. तो स्वतः अधीन होता म्हणून त्याला अधिकार कळला. जो माणूस कोणाच्याच हाताखाली नाही त्याच्या हातात स्वतःला देऊ नका.

मग, निर्णय झाल्यावर नाही, निर्णयाच्या आधी सांगा. आपली सवय काय, पोरीचं जमवून टाकायचं, सावकाराकडून पैसे उचलायचे, आणि मग पास्टरला म्हणायचं प्रार्थना करा. ती अधीनता नाही, तो शिक्का मारून घेणं आहे. आधी जा, घरातली खरी परिस्थिती सांगा, कर्ज किती आहे तो आकडा सांगा, आणि ऐका. ठरवायचं तुम्हालाच आहे, तो तुमच्या जागी सही करणार नाही, पण तुमच्या जिवाची काळजी असलेल्या माणसाला तुम्हाला नको म्हणायची जागा तरी राहू द्या.

पटलं नाही तर? न पटणं पाप नाही. पण न पटलेलं कुठं बोलायचं यावर सगळं अवलंबून आहे. एकट्यानं जा, त्याच्या घरी जा, समोर बसून बोला. व्हॉट्सअपच्या ग्रुपवर नाही, पानटपरीवर नाही, त्याच्या बायकोजवळ नाही आणि आपल्या लेकरांसमोर तर बिलकुलच नाही, कारण घरात पास्टरची निंदा ऐकून मोठी झालेली पोरं पुढं मंडळीत टिकत नाहीत, हे मी माझ्या आजूबाजूला पाहिलं. मोशेची बहीण मिर्याम, तिनं मोशेविरुद्ध तोंड उघडलं ते गणना १२ मधे वाचा, सात दिवस छावणीबाहेर राहावं लागलं, आणि तिच्यासाठी देवाजवळ रडला तो मोशेच. दावीदाचं पण पाहा. त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल एन-गेदीच्या गुहेत त्याच्या हातात सापडला होता, सोबतचे लोक म्हणत होते हाच दिवस आहे, त्यानं फक्त झग्याचा काठ कापला आणि तेवढ्यानंही त्याचं मन त्याला खाऊ लागलं. पण एक लक्षात घ्या, दावीद शौलाच्या भाल्यासमोर बसून राहिला नाही. तो पळाला. हात उचलला नाही आणि जीवही दिला नाही.

इथं थोडं थांबून बोलतो, कारण अधीनतेच्या नावाखाली लोकांचं नुकसान झालेलं मला माहीत आहे.

पास्टरनं औषध बंद कर म्हटलं तर बंद करायचं नाही. टीबीच्या गोळ्या, साखरेच्या, बीपीच्या, मिरगीच्या, प्रार्थना पण करा आणि गोळ्या पण घ्या, गोळ्या कमी-बंद करायच्या तर डॉक्टरच सांगेल. जमीन मंडळीच्या नावानं कर, कर्ज काढून दान दे, असं कोणी म्हणालं तर घरी येऊन कागद वाचल्याशिवाय आणि घरच्यांना विचारल्याशिवाय अंगठा नाही, सही नाही. बाईला नवरा मारत असेल आणि तिला नुसतं सहन कर, अधीन राहा असं सांगितलं जात असेल तर ते सांगणारा देवाचं वचन अर्धंच वाचतो, कारण इफिस ५ मधे पत्नीच्या आधी २१ व्या वचनात सगळ्यांना एकमेकांच्या अधीन राहा म्हटलं आहे आणि पतीला तर ख्रिस्तासारखा जीव द्यायला सांगितलं आहे. आणि लेकरांना, पोरीबाळींना कोणी हात लावला, मग तो कितीही अभिषिक्त असो, ती मंडळीत मिटवायची गोष्ट नाही, सरळ पोलिसात जायचं. मंडळीचं नाव खराब होईल म्हणून गप्प बसणं म्हणजे डुकराला वावर दाखवणं.

येशूचा शिष्य पेत्र, त्यानंच यहुद्यांच्या महासभेसमोर म्हटलं की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, आणि त्याच पेत्रानं आपल्या पहिल्या पत्रात, ५ व्या अध्यायात, मंडळीच्या वडिलांना सांगितलं की कळपावर धनीपण करू नका, कित्ता व्हा. अंत्युखिया शहरात तो चुकला तेव्हा प्रेषित पौलानं त्याला तोंडावर टोकलं. बिरुया गावातले लोक पौलाचं ऐकून रोज शास्त्र तपासून पाहायचे की हे असंच आहे का, आणि त्यांना उद्धट नाही म्हटलं, थोर मनाचे म्हटलं. तेव्हा पवित्र शास्त्र घेऊन सभेला बसा आणि घरी जाऊन परत वाचा. वडिलांवर आरोप असेल तर १ तीमथ्य ५:१९ प्रमाणे दोन-तीन साक्षीदार पाहिजेत, नुसत्या ऐकलेल्यावर नाही, पण साक्ष असेल तर दाबायचं पण नाही, पुढच्याच वचनात सगळ्यांदेखत दोष दाखवा असं आहे.

मंडळी सोडायचीच वेळ आली तर सांगून सोडा. समोर जा, कारण सांगा, प्रार्थना करून घ्या, सोबत चार घरं फोडून नेऊ नका. मी तसं केलं नव्हतं, त्याचं मला आजही वाईट वाटते.

आणि त्या इब्रीच्या वचनात शेवटी एक गोष्ट आहे जी आपण वाचतच नाही. पुढाऱ्यांना हे काम आनंदानं करता यावं, कण्हत कण्हत नाही. पास्टरला कण्हायला कोण लावतो? आपणच. तीन गावं करतो तो माणूस, पावसाळ्यात नाला चढला की गाडी अलीकडे ठेवून पायी येतो, आणि आपण रविवारी अर्धा तास उशिरा जातो. तर या आठवड्यात एक करा. त्याच्या घरी जा, काही मागायला नाही. जाताना भाजीपाला, तुरीची डाळ, काही असेल ते न्या. बसा आणि विचारा, "पास्टर, माझ्यात तुम्हाला काय दिसते? काही खटकते का?" आणि मग तो बोलेपर्यंत गप्प राहा. तो आधी टाळेल, म्हणेल काही नाही, सगळं बरं आहे. परत एकदा विचारा. तो जे सांगेल त्याला तिथल्या तिथं उत्तर देऊ नका, दोन दिवस ते घेऊन वावरात काम करा, मग बघा त्यातलं काय खरं आहे.