बिलेटमधून इंजिनचा भाग काढताय? या चुका टाळा

कोल्हापुरात आपण कास्टिंगवर वाढलो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून माल यायचा, वरचे दोन-तीन मिलिमीटर काढायचे, बोअर मारायचा, जॉब उतरवायचा. तोच हात घेऊन पोरं आता ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्याकडे, म्हणजे बिलेटकडे येतात आणि तिथं फसतात. इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढताना ठोकळ्याचं निम्म्याहून जास्त वजन चिप्स होऊन खाली पडतं. एवढा धातू गेल्यावर उरलेला तुकडा आपला आकार बदलतो.

सगळ्यात जास्त बघितलेली चूक म्हणजे एक बाजू पूर्ण फिनिश करून मग जॉब उलटणं.

डर्ट ट्रॅकच्या एका गाडीसाठी आम्ही 6061 या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूमधून सिंगल सिलिंडरचं हेड काढत होतो. शर्यत चार दिवसांवर. माझ्याकडच्या हुशार पोरानं गास्केटची बाजू आधीच फिनिश केली, सपाटपणा मोजणारा डायल फिरवून दाखवला, 10 मायक्रोनच्या, म्हणजे 0.01 मिलिमीटरच्या आत. मग जॉब उलटा केला, व्हाइस करकचून आवळला आणि वरून खोल फिन्स, म्हणजे हेड गार ठेवणाऱ्या पात्या, काढल्या. काम आरशासारखं दिसत होतं. उतरवून सरफेस प्लेटवर, म्हणजे तपासणीच्या अगदी सपाट पाटावर ठेवलं, तर मधे 0.10 मिलिमीटरचा फीलर, म्हणजे फट मोजायची पत्ती, सरळ आत गेला. आम्हाला 0.03 हवं होतं. पोरगं म्हणालं, "दादा, मशिनवर सपाटच होतं की!" होतंच. ॲल्युमिनियमचा ठोकळा तयार होतानाच त्याच्यात ताण अडकलेला असतो. एका बाजूचा धातू काढला की त्या ताणाचा तोल जातो आणि जॉब वाकतो. त्यात व्हाइसच्या दाबानं वाकलेल्या जॉबवर कटर फिरला की व्हाइस सैल करताच तो परत उसळतो. फेस पुन्हा घ्यावा, तर कंबशन चेंबरची खोली कमी होऊन कॉम्प्रेशन वाढणार. तो ठोकळा आणि दोन रात्री वाया गेल्या.

तेव्हापासून माझी सवय ठरलीय. ठोकळ्यासाठी प्लेट टी651चीच घ्यायची, म्हणजे क्वेंचिंगनंतर, तापवून झटकन गार केल्यावर, ताणून आतला ताण बराच कमी केलेली. आधी दोन्ही बाजूंनी रफिंग, म्हणजे जाडाभरडा कट, सगळीकडे 1 मिलिमीटर जादा ठेवून. मग जॉब मोकळा करून रात्रभर टेबलावर. सकाळी पुन्हा हलक्या हातानं बांधायचा आणि शेवटच्या कटाआधी फेसवर डायल ठेवून क्लॅम्प सैल करून बघायचा. काटा 10 मायक्रोनपेक्षा जास्त हलला, तर बांधणी चुकली, परत बांधा. "एका सेटिंगमध्ये होईल की" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना सरफेस प्लेटकडे नेतो. माझ्या उस्तादांच्या शेडमागे बिडाची कास्टिंग्ज महिनोन्‌महिने ऊन-पाऊस खात पडलेली असायची, ताण निघावा म्हणून. त्यांनी महिने दिले, आपण एक रात्र तरी द्यावी.

दुसरी चूक, गरम जॉब मोजणं. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये 85 मिलिमीटरचा बोअर संपतो, तेव्हा जॉब हाताला चांगलाच कोमट लागतो. ॲल्युमिनियम मीटरमागे दर अंशाला साधारण 23 मायक्रोन वाढतं. जॉब खोलीपेक्षा 15 अंशांनी गरम असेल, तर बोअर गेज जवळपास 30 मायक्रोन मोठा बोअर दाखवतो. तुम्ही खुश होऊन जॉब उतरवता, संध्याकाळी तोच बोअर लहान भरतो आणि आतली नळी, म्हणजे लायनर, बसवताना प्रेस ओरडायला लागतो. मी जॉब, गेज आणि मायक्रोमीटर एकाच टेबलावर दोन तास ठेवतो, मगच मोजतो. कूलंट मारून घाईनं गार केलेल्या जॉबवर माझा विश्वास नाही. वरून गार लागतो, आतून नसतो.

मटेरियलची हौस हीही चूकच. "7075 ॲल्युमिनियम जास्त ताकदीचं" म्हणून त्याचं हेड काढायला निघतात. 7075 चं एजिंगच, म्हणजे ताकद आणायला तापवून ठेवणं, 120 अंशांच्या आसपास होतं. त्याहून गरम भागात ते हळूहळू मऊ पडत जातं. हेडला 6061 बरं, रेसिंगच्या फोर्ज्ड पिस्टनला 2618.

पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड प्लेटमधून काढताना ग्रेनची, म्हणजे धातूच्या कणांच्या रेषांची, दिशा रॉडच्या लांबीतच ठेवा. आडवे टूलमार्क आणि धारदार कोपरे ठेवू नका, तडा तिथूनच सुरू होतो. मी मधल्या दांड्यावर शेवटचा पॉलिश लांबीच्या दिशेनं स्वतः हातानं मारतो.

टूल गरजेपेक्षा बाहेर काढू नका. लांबी दुप्पट केली की टूल आठपट वाकतं.

फिन्सच्या खाचेत चिप्स साठू देऊ नका. ॲल्युमिनियम एंडमिलला, म्हणजे कटरला, चिकटतं आणि टूल तुटतं. तीन फ्लूटचा, म्हणजे तीन धारांचा कटर आणि हवेचा झोत वापरा.

आणि सीएनसीवर टूल बदलल्यावर लांबीचा एच ऑफसेट, म्हणजे मशिनला दिलेलं टूलच्या लांबीचं माप, नवा घ्या. नव्या टूलचा पहिला कट मी सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रॅमची एकेक ओळ चालवत), रॅपिड, म्हणजे कट नसतानाची धाव, सगळ्यात कमी करून, मशिन थांबवणाऱ्या फीड होल्डवर बोट ठेवूनच घेतो. तीस वर्षं झाली तरी तसाच.