बॅरल रेसिंगचा घोडा अचानक बिघडला? शिक्षा करण्याआधी दुखणं शोधा, या चुका टाळा

बॅरल रेसिंगमध्ये स्वार त्रिकोणात ठेवलेल्या तीन पिंपांना (बॅरल) वळसे घालत घड्याळाशी शर्यत लावतो. परवापर्यंत चोख पळणारा घोडा पहिल्या बॅरलला लांबून वळतो, तिसरं पाडतो, नाहीतर मैदानाच्या तोंडाशीच अडून बसतो. अमेरिकेतल्या रोडिओत (घोडे-गुरांच्या कौशल्यांच्या स्पर्धांत) हे नेहमीचंच, आणि त्यावरचे उपायही ठरलेले: बिट (लगामाची तोंडातली कडी) कडक करा, टाच जोरात मारा, सराव वाढवा. पण शिकलेला घोडा आठवड्याभरात शिकलेलं विसरत नाही. तयार घोडा एकाएकी बिघडला, तर पहिला संशय शरीरावर घ्यावा.

प्रमाणित मैदानात पहिल्या दोन बॅरलमध्ये ९० फूट अंतर असतं आणि त्या दोन्हींपासून तिसरं १०५ फुटांवर. एवढी फेरी चांगला घोडा १७ सेकंदांच्या आसपास पुरी करतो. बॅरल पडलं की ५ सेकंदांचा दंड. फोर-डी स्पर्धेत (वेळेनुसार घोड्यांचे चार गट पडतात) अर्ध्या सेकंदाने घोडा खालच्या गटात जातो, म्हणजे जेमतेम ३ टक्के वेग कमी झाला तरी पुरे. एवढ्याने वेग घटवणारं दुखणं तबेल्यातून चालत बाहेर येताना दिसेल, ही अपेक्षाच चूक.

चूक १: ‘लंगडत नाही, म्हणजे दुखत नाही’

घोड्याचा एक पुढचा पाय दुखत असेल, तर तो पाय टेकताना डोकं वर जातं आणि चांगला पाय टेकताना खाली येतं. पण दोन्ही पुढचे खूर किंवा दोन्ही हॉक (मागच्या पायांचे घोटे) सारखेच दुखत असतील, तर डोकं हलतच नाही. फक्त पाऊल आखूड होतं. लोक म्हणतात, ‘आज जरा आळसावलाय.’

तपासणी चालीवर नको, दुडकीवर करा. मोकळ्या दोराने, कडक सपाट जमिनीवर, सरळ नेऊन परत आणा. मग १० ते १५ मीटरच्या गोलात दोन्ही बाजूंनी, आधी कडक आणि नंतर मऊ जमिनीवर. खुराचं दुखणं बहुधा कडक जमिनीवर, दुखरा पाय आतल्या बाजूला असताना उघडं पडतं. सस्पेन्सरी लिगामेंटचं (पायाच्या मागून फेटलॉकला आधार देणाऱ्या अस्थिबंधाचं) दुखणं अनेकदा उलट वागतं: मऊ जमिनीवर, पाय बाहेरच्या बाजूला असताना वाढतं. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बाजूने आणि मागून चित्रण करा. मागून पाहताना दोन्ही पुठ्ठे सारखेच वरखाली होतात का, तेवढंच बघा.

मग हात फिरवा. खुरांना ऊब आहे का? फेटलॉकच्या (खुराच्या वरच्या सांध्याच्या) मागे बोट ठेवल्यावर नाडी जोरात ठणकते का? खांद्यामागून कमरेपर्यंत बोटांच्या पेरांनी एकसारखा दाब देत जा. निरोगी पाठ थोडी दबून परत येते. दुखरी पाठ खाली झुकते किंवा फळीसारखी ताठ होते.

चूक २: बिघाड नेमका कुठे होतो, याची नोंद न ठेवणं

‘पळत नाही’ ही तक्रार पशुवैद्याच्या उपयोगाची नाही. उजवीकडून सुरुवात करणारा घोडा एकदा उजवीकडे आणि दोनदा डावीकडे वळतो, म्हणजे डाव्या बाजूचे पाय दोनदा आत येतात. पहिल्या बॅरलशी तो सर्वांत वेगात पोचतो. तिथे त्याला मागचे पाय पोटाखाली घेऊन बसायचं असतं. हॉक किंवा स्टायफल (मागचा गुडघा) दुखत असेल, तर तो बसत नाही. पुढच्या पायांवर धडकत थांबतो, खांदा आत टाकतो आणि बॅरल पडतं. स्वार याला ‘खांदा टाकण्याची खोड’ म्हणतो.

आतल्या बाजूचा पुढचा खूर दुखत असेल, तर चित्र निराळं. घोडा वळणात शिरतो, पण त्या पायावर भार नको म्हणून लांब जातो. पहिल्या आणि दुसऱ्या बॅरलच्या मध्ये दौडीचा पाय (दौडीत पुढे पडणारा) बदलताना पुढून बदलला आणि मागून नाही, तर स्टायफल आणि त्रिकास्थीजवळचा (कमरेमागच्या हाडाजवळचा) सांधा तपासून घ्या. वळण ठीक, पण बाहेर पडताना जोर नाही, तेव्हाही संशय तिथेच.

हे अंदाज आहेत, निदान नव्हे. पण कुठल्या बॅरलला, कुठल्या बाजूला, कसल्या जमिनीवर, हे लिहिलेलं असलं की तपासणीची दिशा ठरते.

चूक ३: सरळ हॉकमध्ये इंजेक्शन

बॅरल घोड्यांत हॉकच्या खालच्या दोन सांध्यांची झीज खरंच वारंवार आढळते, त्यामुळे ‘हॉक करून घ्या’ हा सल्ला फुकट मिळतो. पण पुढच्या खुरांचं दुखणंही तितकंच नेहमीचं आहे. आधी फ्लेक्शन टेस्ट (सांधा थोडा वेळ दुमडून धरून लगेच दुडकी), मग खालून वर एकेक भाग बधिर करून दुखऱ्या जागेची खात्री, त्यानंतर एक्स-रे किंवा सोनोग्राफी, हा क्रम सोडू नका. स्टिरॉइड देण्याआधी घोड्याला पूर्वी लॅमिनायटिस (खुराच्या आतला दाह) झाला असेल, तर पशुवैद्याला सांगा. इंजेक्शननंतर सांधा सुजला, गरम झाला किंवा घोडा पाय टेकेनासा झाला, तर वाट पाहू नका. सांध्यातला संसर्ग काही तासांत गंभीर होतो.

चूक ४: ब्यूट (वेदनाशामक) देऊन पळवणं

साधारण ४५० किलोच्या घोड्याला पशुवैद्य दिवसाला १ ते २ ग्रॅम फेनिलब्युटाझोन, म्हणजेच ब्यूट, सांगतात. त्याने वेदना दबते, इजा तशीच राहते, आणि अर्धवट फाटलेलं लिगामेंट त्याच फेरीत पूर्ण जाऊ शकतं. ब्यूटसोबत दुसरं वेदनाशामक द्याल, तर जठर आणि मूत्रपिंड दोन्ही धोक्यात. ब्यूटने फरक पडला नाही म्हणून ‘दुखणं नाहीच’ असंही ठरवू नका. काही वेदना त्याला दाद देत नाहीत.

खोगीर, नाल, दात, पोट

खोगीर उतरवल्यावर घामात कोरडे चट्टे दिसले, तर तिथे जादा दाब आहे. अरुंद खोगिराखाली जाड पॅड घालणं म्हणजे आखूड बुटात दोन मोजे घालण्यासारखं. नालबंदी ५ ते ६ आठवड्यांपलीकडे लांबली, की खुराचं टोक वाढतं आणि टाचेमागे ताण येतो. एकाच बाजूला लगाम झिडकारत असेल, तर दाढांची धारदार टोकं बघून घ्या.

मैदानाच्या तोंडाशी अडणाऱ्या, तंग कसताना चावायला येणाऱ्या घोड्याच्या जठरात व्रण असू शकतात. घोड्याचं जठर सतत आम्ल सोडतं, पोट रिकामं असो वा भरलेलं. खात्री दुर्बिणीनेच होते. उपचार म्हणजे ओमेप्राझोल, किलोमागे ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, २८ दिवस. पळवण्याआधी थोडं अल्फाल्फा (लसूणघास) गवत चारावं.

आणि नाल, खोगीर, बिट, इंजेक्शन एकाच आठवड्यात बदलू नका. घोडा सुधारला तरी कशाने, ते कळणार नाही.

चूक ५: बरा दिसला की लगेच एंट्री

लिगामेंटची इजा भरायला महिने लागतात. ठरल्या मिनिटांची, हाताने धरून चाल, मग दुडकी, मग दौड, आणि टप्पा वाढवण्याआधी पुन्हा सोनोग्राफी. पॅटर्न (तीन बॅरलची पूर्ण फेरी) सर्वांत शेवटी, तोही आधी संथ. पहिल्या वेगवान फेरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कडक जमिनीवर दोन्ही बाजूंनी दुडकी तपासा. पाऊल आखूड दिसलं, तर त्या आठवड्याची एंट्री रद्द करा आणि आधीच्या टप्प्यावर परत या.