नडगीवरच्या फ्लॅपची राखण

दुचाकीच्या अपघातात नडगीचे हाड उघडे पडलेला रुग्ण बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा अन्य इस्पितळात दाखल झाला, की घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: मांडीची कातडी काढून लावली तर चालणार नाही का? नडगीच्या पुढच्या बाजूला हाडावर कातडीखेरीज फारसे काही नसते, आणि हाडावरचे पातळ आवरणही निघून गेले असेल तर वर लावलेल्या कातडीला रक्तच मिळत नाही. म्हणून स्वतःचा रक्तपुरवठा घेऊन येणारा कातडीचा किंवा स्नायूचा तुकडा, म्हणजेच फ्लॅप, लागतो. गुडघ्याजवळच्या जखमेवर पोटरीचा वरचा स्नायू, तर मधल्या भागावर त्याखालचा सोलियस वळवतात. घोट्याजवळ असा स्नायू उरत नाही, तेव्हा पोटरीमागची कातडी खाली फिरवतात किंवा दूरचा फ्लॅप आणून त्याच्या रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात.

पहिले काही दिवस फ्लॅपची तपासणी नर्स करतातच, तरी रात्री खाटेशी बसणाऱ्यानेही ती शिकून घ्यावी. रंग नेहमी पांढऱ्या उजेडातच पाहावा, पिवळ्या दिव्याखाली फसगत होते. कातडीचा फ्लॅप बोटाने हलके दाबून सोडला, की फिकी झालेली जागा २ ते ३ सेकंदांत भरते. ती भरेना आणि फ्लॅप पांढरा, गार पडला, तर रक्त आत येत नाही. निळसर, फुगलेला दिसून दाबताच झटकन भरला, तर रक्त बाहेर जाण्याची वाट अडली आहे. निळा फ्लॅप मला अधिक फसवा वाटतो, कारण तो अनेकदा ऊबदार लागतो आणि माणसे निर्धास्त राहतात. दोन्ही वेळी सकाळच्या राउंडची वाट न पाहता तत्काळ नर्सला बोलवावे.

पाय उशीवर उंच ठेवताना उशी नेमकी कुठे येते ते पाहावे: पोटरीमागची कातडी खाली फिरवलेली असेल तर तिचा देठ, म्हणजे तिला रक्त पोचवणारा जोडलेला भाग, मागच्याच बाजूला असतो, आणि मायेने सरकवलेली उशीच तो दाबते. विडी-सिगारेट पूर्ण बंद, कारण निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. पाय खाली सोडणे सर्जनने सांगितल्यावरच, प्रथम काही मिनिटे, सुरू करावे.

स्नायूचा फ्लॅप आरंभी उंचवट्यासारखा दिसतो. काही महिन्यांत तो आपोआप बसतो. त्यावर लावलेली कातडी पूर्ण भरल्यावर कोरडी पडते, तिला सर्जनच्या संमतीने घरचे खोबरेल हलक्या हाताने लावावे.