भंगारातला जुना बंब पेटवण्याआधी
ग्वाल्हेरच्या थंडीसाठी तांब्याचा जुना बंब घेतलात, तर तो काठोकाठ भरून रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवा. मधल्या नळीच्या बुडाशी, जाळीजवळ ओल दिसली तर सांधा गेलाय. तो ब्रेझिंगनेच, म्हणजे पितळेसारखा जास्त उष्णतेला वितळणारा धातू ओतून, भरून घ्या. कथील-शिशाचा डाख सुमारे २०० अंशांना वितळतो. पाणी असेपर्यंत टिकतो, पातळी उतरली की सुटतो. म्हणूनच आधी पाणी, मग विस्तव.

सर्वांत मोठा धोका नव्या नळजोडणीत असतो. पाणी ओतायचे वरचे तोंड उघडेच हवे. प्लंबरला तिथे झडप बसवू देऊ नका. वाफ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा मागते. कोंडली तर बंब फुटतो.

बंद न्हाणीघरात पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अंगणातच ठेवा.